बैठी सफर

रविवारी दुपारी सामान मांडायला बाहेरची खोली अपुरी पडू लागली, तेव्हा तिने बाबांचा लोखंडी पलंग एकटीने उचलून भिंतीशी उभा केला. गादी केव्हाच गेली होती. पलंगाच्या पायांखाली फरशीवर गंजाचे गोल डाग उठले होते. ओल्या फडक्याने ते निघाले नाहीत, साबणाने निघाले नाहीत, तेव्हा तिने त्यांच्यावर तंबूची पिशवी आदळली आणि उरलेले सामान ओळीने लावायला घेतले. वल्ही. पाण्याच्या जाड प्लास्टिकच्या पिशव्या. कयाकमध्ये, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या चिंचोळ्या होडीत, शिरलेले पाणी उपसायचा हातपंप. एकीच्या मागे दुसरी कयाक ओढायची वेळ आली तर लागणारा दोर. वाळूत खुंट्या टिकत नाहीत म्हणून तंबूच्या कोपऱ्यांना बांधून, वाळूने भरून, पुरून टाकायच्या कापडी थैल्या. त्या तिने स्वतः शिवल्या होत्या, आणि शिवताना सुई बोटात घुसली त्याचेही खापर मनातल्या मनात धाकट्याच्या डोक्यावर फोडले होते.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. पस्तिशी ओलांडली तरी घरात त्याला दुसरे नाव नव्हते. तो आला नेहमीप्रमाणे उशिरा, आणि नेहमीप्रमाणे हसत.

"वा! खोलीचं मैदान केलंस की, ताई."

"केलं. त्याला हात लागतात."

"मला सांगायचंस. आलो असतो लवकर."

"तुला काय काय सांगावं लागतं ते एकदाच सांगून टाक बाबा. म्हणजे मी विसरणार नाही."

त्याने बूट काढले, उभ्या पलंगाकडे पाहिले, आणि बैलाच्या पाठीवर थाप मारावी तशी त्याच्या लोखंडावर थाप मारली. खोलीभर एक पोकळ नाद फिरला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिने वल्ही पुन्हा एका रेषेत लावली. राग गिळण्याचा तिला आता सराव होता. दुःख ओले असते असे लोक म्हणतात. तिच्यातले ओले केव्हाच उडून गेले होते आणि तळाशी राग राहिला होता, मिठासारखा, पांढरा आणि कोरडा.

ही मोहीम बाबांची होती. पाटबंधारे खात्यात कालव्यांचे नकाशे काढण्यात त्यांचे आयुष्य गेले, आणि त्या सरळ रेषांचा वीट आला की ते घरी येऊन एका दूरच्या किनाऱ्याचा नकाशा उघडत. तिथे वाळवंट थेट समुद्रात उतरत होते. रस्ता नाही, वस्ती नाही, गोड्या पाण्याचा थेंब नाही. एका टोकाला जीप सोडणार, दुसऱ्या टोकाला जीप घ्यायला येणार. मधले सगळे अंतर कड्यांच्या पायथ्याने वल्हवत कापायचे आणि कड्यांनी जागा सोडलेल्या तीन वाळूच्या पुळणींवर तीन मुक्काम करायचे. बाबा तिथे कधीच गेले नाहीत. आधी सुट्टी मिळाली नाही, मग गुडघे राहिले नाहीत, मग फुप्फुसे. गेल्या हिवाळ्यात ते त्याच लोखंडी पलंगावर गेले. महिन्याभराने धाकट्याचा फोन आला, "ताई, बाबांची मोहीम आपण करू या," आणि ती हो म्हणाली. कारण नाही म्हटले असते तर तो एकटा गेला असता, आणि बाबांचे म्हणून उरलेले हे एवढे तरी तिला त्याच्या एकट्याच्या हाती पडू द्यायचे नव्हते.

त्यांनी नकाशा जेवणाच्या टेबलावर चिकटवला. यातले त्याला कळत होते, हे तिला मान्य करावे लागे. शहराबाहेरच्या तलावाकाठी त्याची शेड होती. तिथे तो फायबरच्या होड्या दुरुस्त करी आणि मुलांना वल्हवायला शिकवी.

"इथे दुपारी वारा उलटतो," तो बोट फिरवत म्हणाला. "बाकीकडे तो दिवसा समुद्रावरून येतो, इथे आतल्या पठारावरून कडे उतरून समुद्राकडे सुटतो. त्यात सापडलो तर थेट बाहेर. म्हणून पहाटे निघायचं आणि ऊन चढायच्या आत किनारा धरायचा."

"आणि पाणी?"

"पाणी तुझ्या कयाकमध्ये जास्त. तू वजनाने हलकी. माझ्यात तंबू, स्टोव्ह, खाणं, आणि थोडं पाणी."

"म्हणजे ओझं माझ्याकडे."

"ताई, तोल साधायला म्हणतोय मी."

"तेच म्हणतेय मी पण."

सगळे ठरल्यावर ते बैठ्या सफरीला बसले. ही बाबांची पद्धत. लहानपणी नदीवर जायचे असले तरी बाबा आदल्या दिवशी दोघांना फरशीवर एकामागे एक बसवत, मांडीवर वल्हे देत, आणि सगळा प्रवास बसल्या जागी बोलून करायला लावत. "जाऊ" म्हणायचे नाही, "जाणार" म्हणायचे नाही. "मी जातोय" म्हणायचे. हात हलवायचे, काय दिसते ते सांगायचे. घरी विसरलेली टोपी अशी घरातच आठवे. नियम एकच होता: घराच्या दारातून निघायचे आणि घराच्या दारात परत यायचे, मध्ये उठायचे नाही. का, असे विचारले की बाबा डोळे मिचकावत, "सामान तिकडेच राहतं," म्हणत, आणि दोघे मुले खिदळत.

धाकटा पुढे बसला, ती मागे. खिडकीबाहेर आभाळ भरून आलेले होते. त्यांनी दार ओलांडले, जीपमध्ये अंग आंबवले, पहिल्या पुळणीवर लाटेत आडवे न होता उतरले. दुसऱ्या दिवशी कड्याच्या सावलीतून वल्हवताना तिला ध्यानात आले की मिठाने बोटांची कातडी सोलवटते आणि हातमोजे सामानात नाहीत. बाबांची पद्धत अजून चोख होती. तिसऱ्या संध्याकाळी ते तिसऱ्या पुळणीला लागले. तिचे खांदे खरोखर भरून आले होते.

"तंबू लावतोय," धाकटा म्हणाला. "थैल्या पुरतोय. वाळू अजून गरम आहे."

"मी कयाक वर ओढतेय. पाणी माझ्यातच राहू देते."

"ओहोटी लागलीय." मग तो थोडा थांबला, आणि त्याचा आवाज मऊ झाला. "बाबा त्या सपाट खडकावर बसलेत. पाय पाण्यात सोडून."

तिचे हात थांबले.

"बाबा इथे नाहीत."

"अगं, दिसलं ते सांगतोय."

"तुला ते खडकावर दिसतात, पाय पाण्यात सोडून. मला काय दिसतं सांगू? त्यांचे पाय. सुजून एवढाले झालेले. रोज उचलून उशीवर ठेवत होते मी. तू कुठे होतास?"

"शिबिर होतं तलावावर. तुला माहीत होतं."

"शिबिर!"

"मी दर वेळी फोनवर विचारायचो, येऊ का? तू म्हणायचीस, बरे आहेत, तुझं तू बघ."

"आणि तुला ते खरं वाटलं?"

"मग काय वाटायला हवं होतं?"

"सल्ले मात्र भरपूर. उशी उंच कर, खिडकी उघड, वाफ दे. उंटावरून शेळ्या हाकल्यास नुसत्या!"

तो मागे वळला नाही. त्याची मान तिच्यापुढे होती, लालसर, हट्टी. मान थेट बाबांची होती आणि त्याचाही तिला राग आला.

"तुला मी यायला नकोच होतो, ताई," तो सावकाश म्हणाला. "तुला बाबा एकटीला हवे होते."

मग तिने वल्हे उचलले. नंतर तिने स्वतःला बजावले की ते शब्द रागाचे होते, खेळातले नव्हते. पण म्हणताना तिचे हात हलत होते, आणि ती वर्तमानकाळातच बोलली.

"मग राहा तू इथेच. मी कयाक ढकलतेय. मी निघालेय."

आणि ती उठली. वल्हे फरशीवर वाजले. स्वयंपाकघरात जाऊन तिने नळाखाली मनगटे धरली, भांडेभर पाणी घटाघट प्यायली. बाहेरच्या खोलीत अंधारेपर्यंत हालचाल नव्हती. मग दार लागल्याचा आवाज आला, इतका हलका की जाणाऱ्याने ते ओढले की वाऱ्याने, सांगता येऊ नये.

*

ती श्रवणतज्ज्ञ होती. दवाखान्याच्या तळमजल्यावर तिची तपासणीची खोली होती, आणि त्या खोलीत आणखी एक खोली: जाड दाराची, भिंतींना खाचाखाचांचा स्पंज लावलेली, काचेची एक खिडकी असलेली. पेशंटने आत बसायचे, कानांवर हेडफोन चढवायचे. बाहेरून ती बारीक बारीक स्वर सोडणार. ऐकू आला की बटण दाबायचे, बाहेर दिवा लागणार. त्या खोलीइतके शांत ठिकाण शहरात दुसरे नव्हते. तिथे ऐकू येते ते फक्त यंत्रातून सोडलेले, या एका गोष्टीवर तिचा सगळा व्यवसाय उभा होता.

त्या आठवड्यात एक निवृत्त रेल्वेगार्ड आले. आयुष्यभर शिट्टीजवळ काढल्याने उजवा कान गेलेला. तिने दार लावले, खुर्चीत बसली, यंत्राचे बटण फिरवायला हात पुढे केला, तोच दिवा लागला. विझला. पुन्हा लागला, आणि लागलेलाच राहिला.

"काका," ती माइकवर म्हणाली, "मी अजून आवाज सोडलेला नाही."

"असं होय? मला वाटलं लाटा सोडल्यात." काचेमागे म्हातारा गमतीने हसला. "छान आहेत. पण ती बाई कोण हो? कुणाला एवढी झोडपतेय?"

तिने यंत्र तपासायला माणूस बोलावला. माणसाने यंत्र उघडले, मिटले, ठणठणीत आहे म्हणाला. ती त्याच्यावर डाफरली. तो गेल्यावर तिला स्वतःची लाज वाटली नाही, उलट थोडे बरे वाटले; राग करायला समोर माणूस असला की गोष्टी आपापल्या जागी बसतात.

दुसरी होती जन्मापासून बहिरी मुलगी. महाविद्यालयात जाणारी, हातांनी बोलणारी. मोठ्यात मोठा आवाजही तिच्यापर्यंत पोचत नाही, हे जुन्या तपासण्यांतून पुनःपुन्हा सिद्ध झालेले होते. ही केवळ प्रमाणपत्रापुरती तपासणी होती. मुलगी आत बसली. ताईने स्वर सोडायला सुरुवात केली नव्हती. मुलीने डोके एका बाजूला कलते केले, आणि असे काही करताना तिच्या आईने तिला आजवर पाहिलेले नसावे, कारण आई खुर्चीतून उठली. मग दिवा लागला. मुलीने हेडफोन ओरबाडून काढले आणि बाहेर येऊन भराभरा हात चालवले.

"काय म्हणतेय?"

आई गोंधळली होती. "काहीतरीच. म्हणतेय, कुणीतरी पाणी मागतंय."

*

धाकटा फोन उचलत नव्हता. तो रुसला असणार, असे ती स्वतःला सांगत होती, आणि रुसायचा हक्क त्याला कुणी दिला, असेही. सामान अजून बाहेरच्या खोलीत पसरलेले होते. घेऊन जा, किंवा मोहीम रद्द म्हण, असे तोंडावर सांगायला ती दवाखान्यातून परस्पर तलावावर गेली. आठवडाभर सूर्य दिसला नव्हता. तलाव शिशासारखा पडलेला होता.

शेडच्या दारात त्याचा भागीदार होडीच्या बुडाला पॉलिशपेपर घासत होता. "आलात? बरं झालं," तो म्हणाला. "सकाळपासून टाकी उपसतोय तुमचा भाऊ. माणूस समजून भागीदारी केली, निघाला उंट!"

धाकटा आत, नळाखाली ओणवा होता. नळ थेट तोंडात. तो सरळ झाला. त्याचे ओठ चिरले होते. चेहऱ्याची डावी बाजू, कानापासून गळ्यापर्यंत, उन्हाने भाजून सोलली होती. उजवी बाजू नेहमीसारखी होती.

"हे काय करून घेतलंस? केमिकल उडालं का?"

"नाही." त्याचा आवाज खरखरीत होता. "तंबूचं तोंड पश्चिमेला आहे ना. दुपारभर ऊन एकाच बाजूने येतं."

"कसला तंबू?"

त्याने तोंड पुसले. हसायचा प्रयत्न केला, तशी ओठाची एक चीर उघडली.

"मला उठताच आलं नाही, ताई. तू गेलीस. मी बसून राहिलो. मग घरी गेलो, जेवलो, झोपलो. शेडवर येतो, कामं करतो. सगळं करतोय. पण उठलेलो नाही."

"मूर्खासारखं बोलू नकोस."

"पाणी माझ्याकडे थोडंच होतं. बाकीचं तुझ्या कयाकमध्ये होतं." तो आरोप करत नव्हता. हवामान सांगावे तसे सांगत होता. "काल संपलं. इथलं कितीही प्यायलो तरी तिकडे पोचत नाही."

तिने त्याला दंडाला धरून गाडीत घातले आणि रस्ताभर बोलत राहिली. डोके ठिकाणावर ठेव. बाबांच्या आजारपणात यायला सवड नव्हती तुला, आता आजारी पडायला बरी मिळाली. असले नाटक करून मला रडवता येईल, असे वाटत असेल, तर विसर. तो खिडकीला डोके टेकून होता. मध्येच म्हणाला, "दोन्हीकडून बोलू नकोस ना, ताई. एकीचं तरी नीट ऐकू दे," आणि तिने ब्रेक इतका जोरात दाबला की मागची गाडी करकचून थांबली.

वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी त्याचे रक्त तपासले, सलाइन लावले, आणि तिला बाजूला घेतले. "तुमचे भाऊ समुद्रावर गेले होते का?"

"नाही. का?"

"रक्तात मीठ फार आहे. होडी बुडालेल्या माणसाचं असतं असं. तहान असह्य झाली की ते समुद्राचं पाणी पितात." त्यांनी खांदे उडवले. "सलाइन चढतंय, पण उपयोग दिसत नाही. कुठे जातंय कळत नाही."

समुद्र तिथून एका दिवसाच्या प्रवासावर होता.

ती खाली आली. तपासणीची खोली रिकामी होती. तिने आतल्या खोलीचे दार उघडले, पेशंटच्या खुर्चीत बसली, दार ओढून घेतले. कानांचे, यंत्रांचे, नसांचे तिला जेवढे माहीत होते, तेवढे सगळे तिने मनाशी घोकले: ताणाने आवाज ऐकू येतात, अपराधी मनाला येतात, न झोपलेल्याला येतात. हेडफोन न चढवताच ती बसून राहिली.

आधी स्वतःचे रक्त ऐकू आले, तिथे सगळ्यांनाच येते. मग त्या लयीत वाळू आली. लाट ओढून नेते तेव्हा वाळू करते तो सुस्कारा. मग कापड फडफडले. आणि त्या सगळ्यावरून, वारा तुकडे करत असलेला, घोगरा, न थकणारा एक आवाज: पाय सुजले तेव्हा कुठे होतास. रात्री दम लागला तेव्हा कुठे होतास. त्यांनी तुझं नाव घेतलं, माझं नाही, तेव्हा कुठे होतास.

हे शेवटचे तिने कधी कुणाला सांगितले नव्हते.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याला घरी घेऊन आली. डॉक्टर नको म्हणत होते. फरशीवर बसताना त्याला भिंतीचा आधार लागला. तिने वल्हे त्याच्या मांडीवर ठेवले आणि त्याच्या मागे बसली.

"दारापासून निघायचं?" त्याने विचारले.

"नाही. मी जिथे आहे तिथून."

तिला वाटले होते लाज वाटेल. चाळिशी ओलांडलेली बाई, फरशीवर, वल्हे घेऊन. पण तोंड उघडण्याआधीच हातांना वजन लागले.

"मी पाण्यावर आहे," ती म्हणाली. "किनारा लांब दिसतोय. पट्टीसारखा. मी कयाक वळवतेय."

वारा समोरून होता. वल्ह्याचे पाते उचलले की तो ते हिसकत होता. ती बोलत राहिली, मग बोलायला दम उरला नाही, मग नुसते "एक, एक, एक" म्हणत राहिली. तळहात सोलवटले. खिडकी बंद होती आणि तिच्या केसांत वाळू कचकचत होती.

"मी लागतेय किनाऱ्याला."

"दिसतेस," धाकटा पुटपुटला.

"उतरतेय. पाण्याची पिशवी काढतेय. हे घे. एकदम नको, घोट घोट पी."

ती बाजूला वाकून पाहत होती. त्याच्या मानेची शीर हलली. हातात काही नव्हते, ओठांशी काही नव्हते. पण गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. पुन्हा. पुन्हा. हनुवटीवरून ओघळ उतरला आणि शर्टाची कॉलर ओली झाली.

ती थांबली. त्याला पुरते पिऊ दिले.

"ऊठ आता. तुझी कयाक पाण्यात घे. वारा पडलाय तेवढ्यात निघू."

तो हलला नाही.

"ताई, हिचं काय?"

"कुणाचं?"

"ही. तू गेलीस, पण ही इथेच आहे. त्या दिवसापासून ओरडतेय. एकेक दिवस सांगते. कुठल्या दिवशी किती दम लागला, कुठल्या दिवशी काय खाल्लं. एकही चुकत नाही." त्याने श्वास घेतला. "खरं तेच सांगते, ताई. मी ऐकतोय. पण संपतच नाही तिचं."

तिने वर पाहिले. समोर भिंत होती.

भिंतीपुढे वाळू होती.

वाळूवर एक बाई उभी होती, समुद्राकडे पाठ करून. केस मिठाने ताठ झालेले. गळ्याच्या शिरा फुगलेल्या. तिच्याकडे कुणी पाहत आहे हे तिच्या गावीही नव्हते. ती तंबूच्या दिशेने बोलत होती. जिथे धाकटा इतके दिवस बसला होता त्या जागेला ती हात नाचवून जाब विचारत होती.

शेवटपर्यंत ऐकून घेतले असते, तर कदाचित ती थांबली असती. कदाचित वळली असती.

कड्यावरून वाळूचा पहिला लोट खाली घरंगळला. वारा उलटत होता.

"दोनच कयाक आहेत," ती म्हणाली. आवाज तिचा दवाखान्यातला होता, स्पष्ट, समजूतदार. "दोर बांध. मी तुला ओढतेय."

"अगं, पण..."

"बांध."

त्याने बांधला.

"मी ढकलतेय. लाट घेतेय. पुढे बघ."

"ती बघतेय आता आपल्याकडे."

"पुढे बघ."

"ताई, ती तुला हाका मारतेय."

"मी वल्हवतेय," ती म्हणाली. "मी वल्हवतेय. मी वल्हवतेय."

आवाज लाटांइतका झाला. मग लाटांपेक्षा लहान. मग कडा आड आला.

जीप उभी होती. त्यांनी कयाक टपावर बांधल्या, वाळवंट ओलांडले, रस्ता, शहर, जिना. तिने त्याच्याकडून प्रत्येक पायरी म्हणवून घेतली. घराचे दार आले.

"मी दार उघडतेय," ती म्हणाली. "आपण घरात आहोत."

पंखा फिरत होता. धाकट्याने वल्हे बाजूला ठेवले, भिंतीला न धरता उठला, आत जाऊन पाणी प्यायला. पेला अर्धा ठेवला. तो अर्धा पेला पाहून त्याला हसू फुटले आणि हसता हसता रडू.

तिने चहा केला. आभाळ उघडले होते आणि खिडकीतून तिरपे ऊन फरशीवर आले होते. तिचे खांदे सैल होते. इतके हलके तिला किती काळात वाटले नव्हते. जबड्याची ती कायमची कळ नव्हती. छातीतला दगड नव्हता. समोर तिचा भाऊ बसला होता, थकलेला, भाजलेला, आणि तिला त्याची माया आली, निव्वळ माया, आत कुठे काही टोचत नव्हते.

"ताई," तो कपाकडे बघत म्हणाला, "मला बोलू दे आता. तू नको म्हणालीस तरी मी यायला हवं होतं. मला कळत होतं तुझ्या आवाजावरून. कळत होतं, म्हणूनच आलो नाही. बाबांना तसं बघायची भीती वाटली. सगळं तुझ्या एकटीवर टाकलं मी."

हे ऐकण्यासाठी तिने अख्खा हिवाळा आणि अख्खा उन्हाळा काढला होता, असे तिच्याकडे पाहणाऱ्या कुणालाही वाटले असते. धाकट्याला वाटत होते. ती मात्र मान किंचित कलती करून ऐकत होती, दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांचे ऐकते तशी, लक्ष देऊन, मध्ये न तोडता. त्याचे संपल्यावर तिने त्याच्या हातावर हात ठेवला. या माणसाचे वडील गेले आहेत, याला धीर द्यायला हवा, एवढे तिला स्वच्छ कळत होते.

"रडू नकोस," ती हळुवारपणे म्हणाली. "तू होतास ना त्यांच्याजवळ? शेवटी फार त्रास झाला का रे त्यांना?"